सरुबाईंची भिंत, विम्यापुरती

सरुबाईंच्या कुंपणाची भिंत पडली. मंगळवारी, सकाळच्या चहाच्या गर्दीत, विक्रमच्या दुधाच्या टेम्पोवर.

हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजून पुढे चला. भिंत उभी आहे. वारज्यातल्या त्या गल्लीत कुणालाही विचारा, भिंत उभी आहे असंच सांगेल, आणि सांगताना भिंतीच्या जागेतून आरपार सरुबाईंच्या अंगणातलं वाळवण बघेल.

तर, भिंत खरोखर उभी होती तेव्हाची गोष्ट.

जिथे एकेकाळी सरुबाईंच्या सासऱ्यांचं ज्वारीचं रान होतं, तिथे आता रस्ता, इमारती आणि विक्रमचं अमृततुल्य आहे. मधल्या उरलेल्या तुकड्यावर सरुबाईंचं घर. साधं, तळमजल्याचं, पण स्लॅबचं आणि चांगल्या उंच जोत्यावर. घराबद्दल तक्रार नव्हती. तक्रार समोरच्या चहाबद्दल होती. चहा प्यायला येणारा प्रत्येक माणूस दुचाकी सरुबाईंच्या भिंतीला टेकवायचा, जाता जाता जास्वंदीचं फूल तोडायचा, आणि चहा जास्त झाला असेल तर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

सरुबाईंनी आधी तोंडाने समजावलं. मग झाडूने. शेवटी त्या साहित्याकडे वळल्या.

सरुबाई बोलायच्या वारज्याच्या, पण लिहायला बसल्या की थेट सदाशिव पेठेच्या होऊन जायच्या. पेंटरला बोलावून त्यांनी भिंतीवर पहिली पाटी रंगवून घेतली: ‘भिंत धोकादायक आहे. केव्हाही पडेल. आम्ही सांगितले नाही असे नंतर म्हणू नये.’ दुसऱ्या दिवसापासून दुचाक्या गायब. सरुबाईंना आपल्या लेखणीत काय आहे ते कळलं, आणि मग त्यांना कुणी आवरू शकलं नाही.

जास्वंदीपाशी: ‘झाडात नाग आहे. फूल तोडण्यापूर्वी त्याला विचारावे.’ कोपऱ्यात: ‘येथे विजेची उघडी तार आहे. पुरुषांनी विशेष काळजी घ्यावी.’ फाटकावर: ‘कुत्रा पिसाळलेला आहे. मालकीण शुद्धीवर आहे, पण भरवसा नाही.’ खोली भाड्याने मागणाऱ्या एजंटांसाठी: ‘पावसाळ्यात घरात पाणी शिरते. उन्हाळ्यातही शिरेल.’ आणि चोरांसाठी: ‘येथे दोनदा चोरी झालेली आहे. आता फक्त आम्ही उरलो आहोत.’

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. नाग नव्हता, तार नव्हती, कुत्रा नव्हता, आणि चोर तर या गल्लीत पार्किंग मिळत नाही म्हणून कधी आलेच नव्हते.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका दुपारी जेवताना सून पूर्वा म्हणाली, “आई, एक बोलायचंय. संस्कृतीला अभ्यासाला कोपरा नाही. ऋषी ऑफिसच्या मीटिंगला मोरीपाशी उभा राहतो, मागे बादली दिसते. एक तर वर मजला चढवू, नाहीतर वाघोलीत फ्लॅट बघून ठेवलाय.”

सरुबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. वाघोली! म्हणजे मध्ये अख्खं पुणं आलं. मुलगा, सून, नात एकदा तिकडे गेली की भेटायला यायची ती थेट कार्याला, तेही मुहूर्त टळल्यावर. आणि मग या घरात कोण? आपण आणि पाट्यांवरचा कुत्रा.

“मजला चढवू,” त्या म्हणाल्या. “आजच चढवू.”

“आज नाही चढत. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण आधी घराचा विमा मागतेय. कंपनीचा माणूस उद्या घर बघायला येणार आहे. तुम्ही फक्त नीट बोला.”

“मी कवा नीट बोलले न्हाय?” सरुबाई म्हणाल्या. पूर्वाने आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी ‘छत्रछाया विमा कंपनी’चा पुष्कर आला. सडपातळ, चष्मा, हातात टॅब. तो आत आलाच नाही. फाटकाबाहेर उभा राहून एकेक पाटी वाचत गेला, मध्येच मागे जाऊन पुन्हा वाचत होता. सरुबाई दारातून बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपलं लिखाण इतकं मन लावून वाचतंय म्हणून त्यांचा ऊर भरून आला.

“साहेब, आत या की. घर आत हाय.”

“बाहेरच बरंच कळलं, काकू,” पुष्कर म्हणाला. “घराचा विमा किती पडणार हे त्या घराच्या स्वभावावर असतं. बांधकाम कशाचं, किती जुनं. वायरिंग कसं आहे. पाणी शिरतं का, पूर्वी चोरी झाली का, आगीचा बंब किती जवळ. धोका वाढला की हप्ता वाढतो. आपण तर धोके अगदी रंगवून दिलेत. आमचं काम वाचलं.”

सरुबाईंच्या डोक्यात आता प्रकाश पडला. पण नेमका तेव्हाच विक्रम रस्ता ओलांडून आला आणि चहाचा ग्लास पुष्करच्या हातात देऊन तिथेच रेंगाळला. विक्रमला रोज सकाळी दुधाचा टेम्पो उभा करायला जागा हवी होती. भिंतीवरची पाटी खोटी निघाली तर उद्यापासून टेम्पो तिथेच लागणार, आणि टेम्पोमागून सगळं वारजे.

“कुत्रा कुठे आहे?” पुष्करने विचारलं.

“मागं बांधलाय!” सरुबाई विक्रमकडे बघून गरजल्या, आणि पुष्करच्या कानाशी लागून पुटपुटल्या, “न्हाय ओ कुत्रा.”

“आहे की नाही?”

“लई चावतो!” विक्रमकडे. “पाटीवर हाय, अंगणात न्हाय.” पुष्करकडे.

“आणि नाग?”

“डोळ्यांनी बघितलाय!... तसलं काय न्हाय, साहेब.”

“मावशी,” विक्रम म्हणाला, “तुम्ही यांना काय सांगताय कानात?”

“नागाचं नाव सांगतीय! तू जा, दूध उतू चाललंय तुझं.”

“उघडी तार?” पुष्कर थंडपणे पुढे गेला.

“परवाच एक गडी फेकला गेला!”

“जिवंत आहे?”

“कोण, तार?”

पुष्करने जे मोठ्याने ऐकू आलं ते टॅबमध्ये भरलं. कुजबुज भरायला त्यात जागा नव्हती. चहा संपवून, ग्लास परत करून तो गेला, आणि जाताना भिंतीपासून बराच लांबून गेला.

संध्याकाळी आकडा आला. पूर्वाने तो एकदा वाचला, ऋषीने दोनदा वाचला. त्या हप्त्यात ज्वालामुखीच्या तोंडावरच्या घराचाही विमा निघाला असता, वर लाव्हा काढून न्यायची सोय मोफत.

“आई, पाट्या काढा,” पूर्वा म्हणाली.

“काढते. आन् उद्या दारात टेम्पो, भिंतीवर पाऊस आन् जास्वंदीचा खराटा. चालंल?”

“वाघोलीच्या सोसायटीत पार्किंग आखून दिलेलं असतं,” पूर्वा नुसतंच म्हणाली आणि चादरीच्या घड्या करायला लागली. ती चिडली की घड्या करते. त्या दिवशी तिने पायपुसण्याचीसुद्धा घडी केली.

सरुबाईंनी स्वतः पुष्करला फोन लावला. “साहेब, समदं खोटं हाय ओ. माणसं पळवायला लिहिलंय.”

“मला पटलंय, काकू. पण आपणच लिहिलंय, आपल्याच घरावर, ऑइलपेंटने. पाट्या काढा, नाहीतर त्या खोट्या आहेत असं लेखी द्या. आणि ते जागेवरही दिसायला हवं.”

“जागेवर दिसाया हवं, पर किती मोठं ते न्हाय ना लिहिलेलं?”

पुष्करने नियम उघडून पाहिले. “नाही,” पुष्कर म्हणाला. “आकाराबद्दल नियम नाही.”

दुसऱ्या दिवशी पेंटर आला आणि प्रत्येक पाटीखाली डासाच्या पायाएवढ्या अक्षरात एक ओळ लिहून गेला: ‘वरील मजकूर खोटा आहे. फक्त विम्यापुरता.’ त्यासाठी त्याने मिशी रंगवायचा ब्रश आणला होता.

पुष्कर पुन्हा आला. वाकून ओळ वाचली. या वेळी आत येऊन खरं घर पाहिलं: स्लॅब, उंच जोतं, नवं वायरिंग, जवळच अग्निशमन केंद्र, चोरीची एकही तक्रार नाही, आजवर विम्याचा एकही दावा नाही. हप्ता इतका खाली आला की पूर्वाने घड्या मोडून चादरी परत अंथरल्या. बँक हलली, वर खांब उभे राहिले, विटा आल्या. फक्त कर्जाचा शेवटचा टप्पा राहिला होता. तो मिळण्याआधी पुष्कर एकदा येऊन घर पॉलिसीत लिहिल्याप्रमाणे आहे का, ते बघणार होता.

आणि नेमका त्याच आठवड्यात विक्रमला नवा चष्मा लागला.

नव्या चष्म्याने माणूस काय काय वाचतो! विक्रमने दुधाच्या पिशवीवरची सगळी माहिती वाचली, आपल्याच दुकानाचा बोर्ड वाचून त्यातली चूक काढली, आणि मग त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. मंगळवारी सकाळी त्याने टेम्पो आणून बिनधास्त भिंतीला चिकटवला. आरसा भिंतीला जरासा घासला. बाकी काही नाही.

आता सुरुवातीला जे आपण वाचलं नाही, ते इथे घडलं.

धूळ बसली. सरुबाई बाहेर धावल्या. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी त्यांना अभिमानच वाटला. इतक्या पाट्या लिहिल्या, एक तरी शब्दाला जागली.

“मावशी!” विक्रम ओरडला. “माझा टेम्पो!”

“पडंल म्हणून लिहिलं व्हतं की!”

“खाली खोटं आहे असं पण लिहिलं होतं!”

“मग वरचं वाचायचं व्हतंस. खालचं विमेवाल्यांचं हाय. तू विमेवाला हायस का?”

पूर्वा गच्चीच्या कडेशी आली, तिने खाली बघितलं, आणि कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. “समजा,” ती म्हणाली, “एखाद्याच्या घराची भिंत पडली. समजा हं.” पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की दावा केला तर तो नोंदवला जातो आणि पुढच्या वर्षी हप्ता त्या हिशोबाने येतो. मात्र भिंत पडण्याची शक्यता ग्राहकाला आधीपासून माहीत असेल तर दावाच बसत नाही. “आणि माहीत असूनही, ती पडणार नाही असं लेखी दिलं असेल तर?” पूर्वाने विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, असा ग्राहक अजून आलेला नाही.

फोन ठेवून पूर्वा खाली आली. “शुक्रवारी पुष्कर येतोय,” ती म्हणाली. “शेवटचा टप्पा अडकला तर वर छत नाही. मग वाघोली.”

सरुबाईंनी विटांच्या ढिगाकडे पाहिलं. मग विक्रमकडे. “इक्रम, लेका, तुझा टेम्पो हितं व्हता का?”

विक्रमने विचार केला. ती जागा पालिकेच्या ‘नो पार्किंग’ची होती. शिवाय टेम्पो त्याचा होता, पण कागदावर मेव्हण्याचा. “नव्हता,” तो म्हणाला. “मी दूध पायी आणतो.”

“मग भिंत कुणावर पडली?”

“कोणती भिंत?”

तेवढ्यावर सगळ्या गल्लीचं ठरलं, भिंत उभी आहे. विटा वरच्या मजल्यासाठी गच्चीवर नेऊन ठेवल्या. जास्वंद होती तिथेच राहिली, फाटकही आपल्या दोन खांबांमध्ये उभं राहिलं, डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. तरी गल्लीतले सगळे फाटकातूनच जाऊ-येऊ लागले. दूधवाला कडी वाजवायचा. चहावाली मंडळी रस्त्याच्या पलीकडेच उभी राहायची. एक भटकं कुत्रंसुद्धा फाटकाशी येऊन थांबायचं, कुणी उघडेपर्यंत.

शुक्रवारी पुष्कर आला. गाडी लांब लावली, फाटकाची कडी काढली, आत आला, कडी लावली. मग वळून दोन्ही बाजूंना बघितलं.

“काकू.”

“चहा घ्या, साहेब.”

“काकू, भिंत?”

“हाय की.” सरुबाईंचा आवाज पहिल्यांदाच कापरा झाला. वर गच्चीवर संस्कृती शाळेतली कविता घोकत होती, भिंती अजून नसलेल्या तिच्या खोलीत. “हाय, साहेब. आसू द्या.”

पुष्करने वर पाहिलं. टॅब उघडला. एकेक प्रश्न वाचत खाली गेला.

“मला खोटं लिहिता येत नाही,” तो म्हणाला.

“न्हाय, न्हाय. कसं लिहाल.”

“पण न विचारलेलं लिहायची आमच्याकडे पद्धत नाही. भिंत आहे का, असा प्रश्न यात कुठेच नाही. प्रश्न आहे, ‘कुंपणाची भिंत धोकादायक आहे का?’” त्याने चष्मा पुसला. “जी नाही, ती पडू शकत नाही. धोकादायक नाही.” त्याने ‘नाही’वर बोट ठेवलं. टॅबने क्षणभर विचार केला आणि हप्ता आणखी थोडा कमी केला.

जाताना तो फाटकातूनच गेला.

छत पडलं. म्हणजे घातलं गेलं. संस्कृतीला खोली मिळाली, ऋषीच्या मागची बादली गेली, वाघोलीचा फ्लॅट दुसऱ्या कुणाच्या सासूच्या नशिबी आला. सरुबाई खुश होत्या. पण बाहेरून चहाला येणाऱ्यांना गल्लीचा करार ठाऊक नव्हता. ते हळूहळू दुचाक्या थेट अंगणात आणून लावू लागले. पाटी लावावी तर भिंत नाही. भिंत बांधावी तर परवानगी हवी, आणि भिंत कागदोपत्री उभी असताना तिच्याच जागी दुसरी बांधायची परवानगी कोण देणार? तेव्हा सरुबाई पुन्हा लिहायला बसल्या. तो अर्ज असा:

‘प्रति, मा. सहायक आयुक्त साहेब, क्षेत्रीय कार्यालय. विषय: उभ्या असलेल्या भिंतीचे संरक्षण करणेबाबत. महोदय, मी खाली सही करणार सरुबाई, राहणार वारजे. माझ्या घराभोवती कुंपणाची भिंत आहे. ती काही लोकांस दिसत नाही, हा त्यांच्या नजरेचा दोष असून त्याबाबत माझी तक्रार नाही. तथापि सदर लोक सदर भिंतीतून वाहने नेत असल्याने भिंतीस धोका निर्माण झाला आहे. तरी सदर भिंतीतून आरपार जाणाऱ्या प्रत्येक इसमास भिंतीचे नुकसान केल्याबद्दल दंड करावा, सदर भिंतीवर लघुशंका करणाऱ्या इसमास भिंत नेमकी कोठे आहे हे जागेवर येऊन दाखवून द्यावे, व भिंतीवर पाटी लावण्यासाठी आपल्या कार्यालयामार्फत एक भिंत तात्पुरती उपलब्ध करून द्यावी, ही नम्र विनंती.’