चार बोटं खिडकी

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला त्याच दिवशी विनोदिनीबाईंच्या घरातला नवा एसी रुसला. म्हणजे तो चालायचा, त्याचा हिरवा दिवा लागायचा, घर्रघर्र आवाजही यायचा. पण दुपार झाली की खोली काही केल्या गार होत नसे. चौबे कॉलनीत अशी रड घरोघर असते आणि माणसं मेकॅनिकला शिव्या घालून मोकळी होतात. विनोदिनीबाईंना ती चैन परवडणारी नव्हती. त्या खोलीत यशवंतराव पडून होते.

यशवंतराव रेल्वेतून इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून निवृत्त झालेले. होळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, उन्हाळाभर खोली थंड ठेवा, ताप चढू देऊ नका. दुसरी, त्यांना किती समजतं आहे त्याच्याकडे लक्ष ठेवा. पहिल्या गोष्टीची तजवीज मुलाने, इंद्रजीतने केली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून घरात असलेला लोखंडी कूलर पुढच्या खिडकीतून उतरवला, ती खिडकी पक्की बंद केली आणि भिंतीवर एसी बसवून दिला. दुसऱ्या गोष्टीने मात्र बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

कारण यशवंतरावांच्या तोंडी एकच शब्द परत आला होता. "लाव."

सकाळभर ते शांत पडून असत. दुपारी जेवणं झाली, बाईंनी दूध झाकलं, मोरी धुतली, मागची खिडकी चार बोटं उघडली, तिच्यावर जाड पडदा ओढला आणि एसी सुरू केला, की थोड्या वेळाने सुरू व्हायचं, "लाव. लाव."

"अहो, लावला ना! तो पाहा, चालून राहिला." बाई रिमोट त्यांच्या डोळ्यांपुढे नाचवायच्या.

"लाव."

मग डावा हात उचलून ते चार बोटं दाखवायचे आणि मूठ मिटायचे. चार म्हणजे चारचा चहा, असं बाईंनी ठरवून टाकलं आणि भर दुपारी चहा करून चमच्याने पाजायला बसल्या. यशवंतरावांनी तोंड फिरवलं. बाईंनी पंखा लावला, टीव्ही लावला, देवापुढे उदबत्तीसुद्धा लावली. नवरा आपला "लाव" म्हणतोच आहे. शेवटी त्यांनी हात टेकले आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावला.

मेकॅनिक दोनदा येऊन गेला. तो यायचा सकाळी, उन्हं तापायच्या आत. एसीसमोर तळहात धरायचा आणि म्हणायचा, "माताजी, कूलिंग तो एकदम बढ़िया है." आणि खरंच, तो असेपर्यंत खोली छान गार झालेली असायची. बाईंना तर वाटायला लागलं की हे यंत्र आपल्यालाच छळतंय. दुपारी व्होल्टेज पडत असेल म्हणून इंद्रजीतने स्टॅबिलायझर आणला, बाहेरच्या डब्याला सावली हवी म्हणून गच्चीवर हिरवं कापड बांधलं. दुपार झाली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

त्या दिवशी यशवंतरावांचं अंग भाजत होतं. थर्मामीटरमध्ये ताप चढलेला दिसला. बाईंनी इंद्रजीतला फोन केला आणि तो तेलीबांध्याच्या ऑफिसातून तसाच उठून आला. पोट्टा घरी मराठी ऐकायचा आणि हिंदीत उत्तर द्यायचा, लहानपणापासूनची सवय.

"आई, अब बहुत हो गया. ऑफिस के पास नर्सिंग सेंटर है, सब कमरे ठंडे रहते हैं. आज शाम को ही बाबा को वहाँ ले जाते हैं."

"तिथं त्यायच्याशी बोलनार कोण?"

"यहाँ कौन बात कर रहा है? एसी सामने चालू है और बोल रहे हैं, लाव. उनको समझता नहीं है, आई. तू मान क्यों नहीं लेती?"

"समजते त्यायले. मले माहीत आहे."

त्यांनी म्हटलं खरं, पण माहीत कुठे होतं? रात्रंदिवस याच प्रश्नाने त्यांचं काळीज पोखरलं होतं. ज्या माणसाने उभ्या जन्मात एक चुकीची तार जोडली नाही, तो या डोळ्यांमागे अजून आहे की नाही? तिकडे नेऊन ठेवला आणि आत तो असेल तर? कॉटवर यशवंतरावांनी डोळे मिटून घेतले होते. डाव्या डोळ्याच्या कडेला पाणी होतं, ते घामाचं म्हणावं की कशाचं, बाईंना कळेना.

इंद्रजीत गाडी बोलवायला फोन कानाला लावून बाहेरच्या खोलीत गेला. दार सताड उघडं.

"अरे, दार लाव!" बाई चवताळून ओरडल्या. "गारवा जाते सारा!"

आणि तिथंच त्यांची जीभ थबकली.

दार लाव.

त्यांनी वळून पाहिलं. यशवंतरावांनी डोळे उघडले होते. ते एसीकडे बघतच नव्हते, कधीच बघत नव्हते. ते बघत होते पडद्याकडे. पडद्याची खालची कड बाहेरून येणाऱ्या झांझेच्या, त्या भाजणाऱ्या वाऱ्याने हलत होती.

लग्नानंतरच्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी नव्या नवरीला कूलरची शिस्त शिकवली होती. कूलर चालवायचा तर मागची खिडकी चार बोटं उघडी पाहिजे, नाही तर ओल कोंडते. एकदा ती विसरली तर केवढे ओरडले होते! तेव्हापासून बाईंचा हात दर उन्हाळ्यात दर दुपारी आपोआप त्या कडीकडे जात आला. कूलर गेला, एसी आला. हाताला कुणी सांगितलंच नाही. बाहेरची आग त्या स्वतःच्या हाताने रोज आत घेत होत्या.

बाईंनी धावत जाऊन खिडकी लावली. यशवंतराव गप्प झाले. चार बोटं मिटून मूठ छातीवर ठेवली.

"इंद्रजीत! इकडे ये."

तो फोन कानाला लावूनच आला. पलीकडचा माणूस विचारत होता, "सर, गाड़ी कितने बजे भेजें?"

"आता पाय यायच्याकडे," बाई म्हणाल्या. त्यांनी पडदा सारला आणि मुद्दाम, सावकाश, खिडकी पुन्हा चार बोटं उघडली.

यशवंतराव उशीवरून मान उचलू लागले. कपाळाची शीर फुगली.

"लाव!"

लोको शेडमध्ये चुकीची तार जोडणाऱ्याला ऐकू जायचा, तोच आवाज. इंद्रजीतचा फोन कानापासून खाली आला.

"हव, लावते, लावते," बाई म्हणाल्या आणि खिडकी गच्च लावली. मग कॉटशी बसून त्यांनी नवऱ्याचा डावा हात आपल्या कपाळाला लावला. "कवापासून तुम्ही बोलूनच राहिले होते हो. मलेच ऐकू येत नव्हतं."

इंद्रजीत दारात उभा होता. फोनमधला माणूस अजून हॅलो, हॅलो करत होता. त्याने तो बंद केला, कॉटजवळ आला आणि किती वर्षांनी मराठीत म्हणाला, "बाबा, दार पण लावू?"

यशवंतरावांनी पोराकडे पाहिलं.

"लाव," ते म्हणाले.