मामाचं बेणं

कॅनॉलचं पाणी आलं आणि आमच्या कोरड्या रानात पहिल्यांदा ऊस लागला. बेणं दिलं माझ्या भावानं, रविराजनं. पलूसहून ट्रॉली भरून घेऊन आला. "बहिणीच्या रानात पहिलं कांडं भावाचं," म्हणाला. मी गावभर मिरवले.

मग पानांवर पिवळे पट्टे उठले, कांड्या आखूड राहिल्या. आत्या, म्हंजे माझी सासू सुलाबाई, बांधावर उभी राहून ओरडली, "तुझ्या भावानं रोग धाडला गं आमच्यात!" तेवढ्यावर थांबली असती तर मी गिळलं असतं. पण बिरोबाला माझ्या सृष्टीचं जावळ काढायचं ठरलं होतं, आणि आत्या म्हणाली, "रविराजला बोलवायचं न्हाई."

मामाच्या मांडीवर न बसवता जावळ? मामा जिता असताना? माझ्या अंगाची नुसती आग झाली. नवरा, मल्हार, आईपुढं मुका. भावाला सांगू तरी कुठल्या तोंडानं?

त्याच दिवसांत वाईच्या भार्गवीताई गावात आल्या. उसावरच्या विषाणूंचा अभ्यास करतात, गावोगावची पानं गोळा करतात. मी आमच्या उसाची पानं दिली, भावाच्या रानाचा पत्ता दिला. बांधाला आत्यानं मेंढरांच्या चाऱ्यासाठी कडवळ पेरलेलं, त्याचीही पानं त्यांनी खुडून घेतली. माझं मागणं एकच होतं, यातनं भावाचं नाव सुटू दे.

तपासणी झाल्यावर त्या परत आल्या, तेव्हा मी त्यांना विहिरीवरच गाठलं. "ताई, भावाचा न्हाई ना हो रोग?"

"सोनिया, विषाणू स्वतःच्या नकला काढत वाढतो आणि नक्कल काढताना चुकतो," त्या म्हणाल्या. "त्या चुका जुळवल्या की कोण कुणाच्या वंशातला ते कळतं. एक विषाणू पलूसच्या बेण्यातनं आला. दुसरा कडवळावरच्या मावा किडीनं उसात आणला. दोन्ही एकाच उसात शिरले, त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळले. तुमच्या रानात आता आहे तो तिसराच. थोडा तिकडचा, बराचसा इकडचा."

"मग खरा कुणाचा म्हणायचा?"

"दोघांचा. पण जन्मला इथं."

घरी येताना मी ठरवून टाकलं, आत्याला फक्त कडवळाचं सांगायचं. खोटं थोडंच होतं ते! मनाला लय बरं वाटलं. पण रविराज त्याच रानातलं बेणं आणखी सोयऱ्यांना देणार होता. मी गप्प बसले तर रोग पुढं जाणार, कुठल्या तरी बांधावर आणखी कुठल्या विषाणूला भेटणार, आणि त्यातनं काय जन्माला येईल ते कुणाला ठाऊक?

आत्या अंगणात सृष्टीला मांडीवर घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. "माझ्या भावाच्या बेण्यात रोग होता, आत्या. तुमच्या कडवळातबी होता. दोन्ही मिळून हा झाला." आणि मला रडूच फुटलं. ज्याच्यासाठी भांडत होते, त्याच्याच विरुद्ध मी बोलून बसले होते.

सृष्टीनं आत्याच्या कानातली बुगडी धरून खसकन ओढली.

"आई गं! नाक आमचं आन हट्ट समदा पलूसचा," आत्या कळवळली. मग पोरीकडं बघतच राहिली. म्हणाली, "लाव फोन."

मी लावला. आत्यानं तो हातातनं ओढून घेतला. "रविराज, त्या रानातलं कांडं कुणाला बेण्याला दिऊ नगंस. रोग हाय त्यात. आमच्यातबी हाय. आमी ऊस कारखान्याला घालतोय, खोडकी उपटून टाकतोय, फुटव्याला खोडवा ठिवत न्हाई, कडवळ आजच कापतोय. आन ऐक, जावळाला ये. आवंदा बेणं नगं बाबा, नुसती मांडी घिऊन ये."