अजून दोन इंच

"अडीच इंच आधीच उचललीय. अजून दोन उचलू, मग चढावरच्या त्या दगडी पायरीला गाडीचं पोटसुद्धा लागणार नाही," केंट ऑर्विनच्या जीपखालून म्हणाला. "बोल लेका, सोमवारी करून टाकू?"

ऑर्विन टायरवर हात ठेवून उभा होता. मोआब गावच्या शाळेच्या बसगाड्या त्याने तीस वर्षं दुरुस्त केल्या, पण कुठल्या नटबोल्टसाठी त्याला कधी दोनदा विचार करावा लागला नव्हता. या दोन इंचांचा घोळ मात्र महिनाभर चालला होता.

लाल खडकांत जीप घेऊन हिंडणाऱ्या त्याच्या सगळ्या दोस्तांनी गाड्या उंच करून घेतल्या होत्या. याची तेवढी त्यांच्यापुढे ठेंगणी. त्याचं कारण आत स्वयंपाकघरात पीच सोलत बसलं होतं. त्याच्या बायकोच्या, लरूच्या गुडघ्यांना आताच चढायला लाकडी खोकं लागायचं. अजून दोन इंच म्हणजे ती कायमची घरी.

"उचल की," तो आत गेला तेव्हा पीचची फोड त्याच्या हातावर ठेवत लरू म्हणाली. "मला काय विचारतोस?"

"आणि तू कशी चढणार?"

"मी कुठं येतेय आता. ऊन सोसत नाही मला. तू जा केंटबरोबर."

पन्नास वर्षं तिला तेच ऊन सोसलं होतं. ऑर्विनला तिचा राग आला आणि मागोमाग स्वतःचाही.

लग्नाच्या वर्षी ते पहिल्यांदा त्या दगडी पायरीवर गेले होते. अशा चढावर चालवणाऱ्याला नुसतं आभाळ दिसतं. चाक कुठं ठेवायचं ते समोर उभं राहिलेलं माणूस हातांनी सांगतं. त्या दिवशी दोन मित्र आणि लरू, तिघंही एकदम हात करत होते. ऑर्विनने तिघांचं ऐकलं आणि जीप कुशीवर आडवी झाली. कुणाला फारसं लागलं नाही. लरू स्कर्टवरची धूळ झटकत म्हणाली, "यापुढे हात एकटी मी करणार. मूठ मिटली की थांबायचं. उघडली की यायचं." तेव्हापासून ऑर्विनने खडक पाहिलेच नाहीत, तिचे हात पाहिले. किती सुख होतं त्यात, हे त्याला आज कळत होतं.

तो परत जीपपाशी आला. "केंट, उंच केल्यावर समोर कुणाला उभं राहावं लागतं का रे?"

"कशाला? डोळे मिटून चढशील."

"मग राहू दे."

"येडा आहेस. तळ घासून घासून चाळण होईल."

"होऊ दे."

शनिवारी सकाळी ऑर्विनने खोकं लावून लरूला गाडीत बसवलं. कुरकुर करत का होईना, ती बसली. पायरीपाशी सपाट खडकावर त्याने घडीची खुर्ची मांडली.

"इथून मला तुझं उजवं चाक दिसत नाहीये," ती हॅट सारखी करत म्हणाली.

"खुर्ची सरकवतो."

मग तो गाडीत बसला आणि तिने हात वर केले. डावीकडे. अजून थोडं. तळ खडकावर करकरला आणि तिने मूठ मिटली. ऑर्विन थांबला.

चाक बरोबर जागेवर आहे हे पाहून ती मूठ उघडू लागली. पण बोटं आखडली होती. तिने दुसऱ्या हाताने एकेक बोट सरळ करायला घेतलं. ऑर्विन ब्रेकवर पाय दाबून बसून राहिला. त्याच्यामागे केंटची आणि आणखी तीन उंच गाड्या उभ्या होत्या. कुणी हॉर्न वाजवला नाही.