दर विसावा माणूस

मित्रांनो, मुठीत मावेल एवढा, पोलादी अंगाचा मी एक जुना टिकटिक्या. अंगठ्यानं दाबलं की टिक! माझं चाक सरकतं आणि एक माणूस मोजला जातो. तरुणपणी मी नाट्यगृहाच्या दारात होतो. पुढं नवी यंत्रं आली आणि मी खणात पडलो.

मग साथ आली. विमानतळावरच्या नर्सताईनं मला शोधून काढलं. उतरणाऱ्या सगळ्यांना तपासायला ना हात पुरत, ना नमुन्याच्या नळ्या. म्हणून ठरलं, दर विसावा माणूस तपासायचा, मग तो खोकत असो की ठणठणीत असो. शितावरून भाताची परीक्षा! त्या अंदाजावर रुग्णालयातल्या खाटा ठरत.

पण ताईचा जीव मायेचा. विसावी एखादी थकलेली म्हातारी आली, की "जा आजी, बसा तुम्ही," म्हणत तिला न मोजताच सोडी आणि मागच्या तरण्याबांडाला धरी. साथ तर म्हाताऱ्यांनाच आधी गाठत होती. अंदाज निघाला, शंभरात एक आजारी. म्हणून रुग्णालयातल्या खाटा दुसरीकडे हलवल्या. आठवड्यात माणसं रुग्णालयाच्या फरशीवर निजली.

अंदाज बांधणारे आकडेवाले काका कागद फडकवत आले. "ताई, तुमच्या विमानांत काय नुसती पोरंच बसतात? तपासलेल्यांत साठीपुढचं एकही माणूस नाही!"

ताईचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी एकोणीस टिक झाले. विसावे होते ताईचे वडील, प्रवासानं वाकलेले. घरी आई अंथरुणाला खिळून त्यांची वाट बघत होती. तपासणी म्हणजे निकाल लागेपर्यंत इथंच अडकणं.

"अगं, मला ना ताप, ना खोकला. त्या मागच्या पैलवानाला धर की!"

ताईचा अंगठा माझ्यावरच होता. नुसता उचलून धरला असता, तरी बाबा घरी गेले असते.

टिक.

"बाबा, तुमच्या आधी न तपासता गेलेले एकोणीस जण तुमच्यातच उभे आहेत. तुम्हाला सोडलं, की ते सगळे सुटले."

"आईवर गेलीस अगदी," म्हणत बाबांनी नमुना द्यायला मान वर केली.

संध्याकाळी निकाल आला. बाबा निरोगी होते. ताईनं तेही नोंदवलं. निरोगी विसावाही अंदाजाला तेवढाच हवा. त्या आठवड्याचा अंदाज निघाला शंभरात सात, आणि हलवलेल्या खाटा परत आल्या.

मित्रांनो, मला हाती घ्याल तेव्हा समोरचा चेहरा बघून अंगठा उचलू नका. माया करा, पोटभर करा. पण मोजून झाल्यावर.