पायाखालचा आकडा

गोपीचंद कटऱ्यांचे कान भातगिरणीने खाल्ले होते. एकतीस वर्षे त्यांनी तिथे फिटर म्हणून पट्टे, पुली आणि मोटारी सांभाळल्या. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा उजवा कान पुरता गेला होता, आणि डावा समोरचा माणूस ओरडला तरच कामाला येई. माणसांचे बोलणे हुकले तर निभावते. मोटरसायकलच्या इंजिनाचे हुकले तर निभावत नाही. गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे माणूस पाहत नसतो, ऐकत असतो. तो आवाजच नाहीसा झाल्याने गोपीचंद कधी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी उठवू लागले, तर कधी पहिल्याच गिअरमध्ये कोसभर किंचाळत नेऊ लागले. एकदा गोंदियाजवळच्या गोरेगावच्या चौकात गाडी अशी बंद पडली की मागची एसटी हातभर अंतरावर येऊन थांबली. त्या संध्याकाळी मुलाने, प्रफुलने, सांगून टाकले, "बाबूजी, आणखी एकदा असं झालं तर चाबी माह्याजवळ राहीन."

चाबी गेली म्हणजे शेत गेले, तळे गेले, बाजार गेला. उरली ओसरीवरची खाट. ऐकू येत नाही तर दिसले पाहिजे, असे ठरवून गोपीचंद कामाला लागले.

गिअरच्या दांडीला दोन टोके असतात. पुढच्या टोकावर पंजा दाबला की गिअर चढतो, मागच्यावर टाच दाबली की उतरतो. त्यांनी दोन्ही टोकांखाली एकेक बारीक बटण पत्र्याच्या पट्टीने घट्ट बसवले. पंजाचे बटण दाबले गेले तर एक मिळवायचा, टाचेचे दाबले गेले तर एक वजा करायचा, एवढीच अक्कल असलेली सर्किटची पाटी गोंदियाहून आणली. गिरणीच्या मोडीत निघालेल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यातून लाल उजेडाचा आकडा काढला, आणि मीटरमध्ये जिथे न्यूट्रलचा हिरवा दिवा होता, तिथेच बसवला. दिवा काढून टाकावा लागला. त्याचे त्यांना काही वाटले नाही. शून्य दिसले की न्यूट्रल. एका गोष्टीला दोन साक्षीदार कशाला?

आठ दिवस आकडा एकदाही चुकला नाही. प्रफुलने स्वतः मागे बसून पाहिले आणि चाबीचा विषय सोडला. ही बातमी शेजारच्या गावी मनिरामकडे पोचली. मनिराम त्याच गिरणीत होता आणि गोपीचंदांहून जास्त बहिरा. दोघे समोरासमोर बसून ओरडू लागले की गल्लीला भांडण लागल्यासारखे वाटे.

"मलेबी असाच बनवून दे गा, गोपी. सून म्हणते, सासरा गाडी नाही चालवत, चक्की चालवते."

"तुले आकडे कोठी वाचता येते?"

"चारपर्यंत येते. पाचवा गिअर कोणाच्या बापाच्या गाडीले आहे?"

सोमवारी गोपीचंदांनी मनिरामच्या गाडीवर दुसरा आकडा बसवला, आणि तिचाही हिरवा दिवा काढून त्याच्या हातावर ठेवला.

मंगळवारी सुकराम आला. हाही गिरणीतलाच. डाव्या कोपराखाली त्याच्या सदऱ्याची बाही रिकामी लोंबते. तो गाडीपाशी उकिडवा बसला, वाकून दांडीखाली पाहिले, आणि गोपीचंदांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "वायर कोठून घेतला?"

"दांडीखालून. पाय दाबला का आकडा बदलते."

"अन् गिअर पडला का नाही पडला, ते?"

"पाय दाबल्यावर काऊन नाही पडणार?"

सुकरामने रिकामी बाही सारखी केली. "पडत असन. मीबी हिरवा दिवा पाहूनच हात घातलो होतो."

गिरणीतल्या दिव्यांचा फळा अकरा वर्षांपूर्वी गोपीचंदांनीच जोडला होता. खोल खड्ड्यातला, वरून न दिसणारा धान्याचा पट्टा थांबला की हिरवा दिवा लागावा, अशी योजना होती. पण दिव्याची वायर त्यांनी घेतली ती बटणापासून. सुकरामचा हात गेला त्या दिवशी बटण बंद झाले, दिवा हिरवा झाला. मात्र मोटारीला वीज देणाऱ्या पेटीतले संपर्काचे तुकडे वितळून एकमेकांना चिकटले होते, आणि पट्टा चालूच राहिला. दिवा खोटे बोलला नव्हता. बटण बंद केले का, एवढेच त्याला विचारलेले होते. मालकाने त्याला अपघात म्हटले, गोपीचंदांनीही म्हटले.

"तुही गोष्ट निराळी होती," गोपीचंद म्हणाले. सुकराम वाद न घालता उठून गेला, आणि ते त्यांना अधिक लागले.

गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी, गोपीचंद आणि त्यांची बायको शांतीबाई धानाच्या कापणीवर निघाले. शेताची वाट तळ्याच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, जाते. गुरे धानात शिरू नयेत म्हणून पाळीच्या तोंडाशी आडवा बांबू बांधलेला असतो, आणि मागे बसणाऱ्याने उतरून तो सोडायचा, असा या भागातल्या सगळ्या पाळींवरचा रिवाज आहे. गोपीचंदांनी गाडी थांबवली, टाचेने एकेक गिअर उतरवला. तीन, दोन, एक, शून्य. शांतीबाई उतरून पुढच्या चाकासमोर उभ्या राहिल्या आणि दोरीची गाठ सोडू लागल्या. त्यांच्या शेजारीच उतार होता, उताराखाली पाणी.

इंजिन चालू आहे हे हाताला कळावे म्हणून गोपीचंद नेहमी अॅक्सिलरेटर जरा पिळूनच धरत. तसाच धरून त्यांनी क्लच सोडायला बोटे सैल केली, आणि त्यांची नजर शांतीबाईंच्या हातावर गेली. गाठ आवळली होती. मनगटापर्यंतचा हात त्यांनी दोरीच्या फासात घातला होता.

बोटे पुन्हा आवळली गेली. आकडा शून्यच सांगत होता. क्लच दाबलेलाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने चाबी फिरवली. इंजिनाची थरथर थांबली, आकडा विझला. मग क्लच सोडून त्यांनी पायांनी गाडी पुढे रेटली.

गाडी हलली नाही. चाक अडले होते.

ती मागेपुढे हलवत त्यांनी टाच दाबली. दांडीतून तळपायाला एक खटका जाणवला. पुन्हा रेटले, चाक अजून अडलेलेच. आणखी एकदा दाबली, दुसरा खटका जाणवला, आणि गाडी अलगद पुढे सरकली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. उभ्या गाडीत टाच तीनदा दाबली गेली, बटणाने तिन्ही वेळा मोजली, पण आतला गिअर एकदाच सरकला होता. हे सांगू शकणारा, थेट गिअरपेटीतून जोडलेला हिरवा दिवा घरी खिळ्यांच्या डब्यात पडला होता.

शांतीबाई वळल्या. "काऊन बंद केली जी?"

गोपीचंदांनी चाबी काढून त्यांच्या हातात दिली. "प्रफुलले दे." मग एकदम म्हणाले, "मनिराम कोठी आहे?"

"तो सकाळीच गेला न बाजाराले. नातीले, रेणूले, घेऊन. आता वापस येत असन." त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

मनिरामच्या गावाबाहेरही तळे होते. तिथेही पाळ होती, आडवा बांबू होता. मागे रेणू बसली होती.

"फोन लाव त्याले."

शांतीबाईंनी फोन लावून कानाशी धरला. "वाजून राहिला," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "वाजून राहिला जी. त्याले कोठी आयकू येते?"

"वाजू दे."

तळ्यावर ऊन स्थिर पडले होते. गोपीचंद शांतीबाईंच्या ओठांकडे पाहत उभे राहिले. ओठ हलत नव्हते.