बोनेटवरची लाख

मैदानाच्या चढावर गाड्यांची रांग लागली होती आणि एकाही गाडीचं इंजिन सुरू नव्हतं. चांगली शिकलीसवरली माणसं धापा टाकत त्या ढकलत आणत होती, तेही डबकी गोठून टणक झालेल्या थंडीत. गार हीटर मंत्रानं गरम करून देणाऱ्या ऊबबाबांचा दंडकच तसा होता. ज्या गाडीचा हीटर गार वारा फेकतो, तिच्या छातीत थंडीचं भूत बसलेलं असतं. ते काढायचं तर गाडी उपाशीपोटी आणायची, म्हणजे सकाळपासून तिला किल्ली लावायची नाही.

दवाखान्यातली नर्स कोटाच्या खिशात हात कोंबून हा तमाशा बघत होती. रांगेतली सगळ्यात पुढची गाडी तिचीच होती. आत सासूबाई महाराणीच्या थाटात बसल्या होत्या आणि बेकरीवाला मागून जोर लावत होता. नणंदेचे दिवस भरत आले होते. डोंगरावरच्या दवाखान्यातून तिला आणि बाळाला याच गाडीतून खाली आणायचं होतं. नवजात जीव गारठायला किती थोडा वेळ लागतो, हे नर्सला कुणी सांगायला नको होतं. ती गॅरेजचं नाव काढायची, की सासूबाई फुगून बसायच्या.

"गाडीचं नाक वर!" बाबा गरजले. बोनेट उघडून त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, कॅनमधलं तीर्थ ओतलं आणि इंजिन सुरू करायला लावलं. "निघ थंडे, निघ! छातीतून नळीत, नळीतून तोंडात, तोंडातून बाहेर!"

थोड्या वेळानं रेडिएटरच्या उघड्या तोंडातून गुडगुड आवाज आला आणि बुडबुडे फुटू लागले. "गेलं! भूत गेलं!" गर्दी ओरडली. आत हीटरपुढे हात धरलेल्या सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वारा खरोखरच गरम होता, आणि याचाच नर्सला सगळ्यात जास्त संताप आला.

बाबांनी तीर्थाची एक बाटली सासूबाईंच्या हातात दिली, बोनेट बंद केलं आणि फटीवर लाल लाख ओतून शिक्का मारला. "हिवाळा सरेपर्यंत उघडायचं नाही. उघडलंत की भूत आत."

आठवडा उलटायच्या आत हीटर पुन्हा गार पडला. बाबांनी निदान तयारच ठेवलं होतं. "घरात कुणीतरी शंका घेतंय." सासूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की जणू तिनंच फुंकर मारून हीटर विझवला होता.

"माझी लेक आणि तिचं बाळ त्या बर्फाच्या पेटीतून येणार का? पुन्हा बाबांकडे नेऊया!"

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एका पेशंटचं सलाइन अडलं. नळीत हवेचा मोठा बुडबुडा बसला होता. नर्सनं नळी सरळ धरून टिचक्या मारल्या, बुडबुडा वर सरकला आणि थेंब पुन्हा पडू लागले. ती तिथंच थबकली. आज येताना गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे चढत होता आणि पायाशी मात्र बर्फाळ वारा होता. इंजिन तापानं फणफणलेलं आणि पाय गार. उष्णता होती, पण ती पुढे पोचत नव्हती.

घरी येताच तिनं चमच्याच्या दांड्यानं लाख फोडली.

"अगं, काय केलंस हे! माझ्या लेकीला काही झालं तर?"

"काही होऊ नये म्हणूनच करतेय, आई. इकडे या, हात लावून बघा."

हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी एक चटका देत होती आणि दुसरी गार होती. खाली नळी आवळणाऱ्या एका सैल क्लॅम्पभोवती हिरवट ओल होती. इंजिनाची उष्णता हीटरपर्यंत नेणारं, थंडीत न गोठणारं कूलंट थेंबथेंब गळत होतं आणि त्याच्या जागी हवा शिरत होती. सासूबाईंनी गार नळी पुन्हा चाचपून पाहिली. मग त्यांनी तीर्थाची बाटली रात्रभर बाहेरच्या कठड्यावर ठेवली.

गॅरेजमध्ये क्लॅम्प बदलून झाल्यावर, आतली हवा मुद्दाम तशीच ठेवून, रविवारी नर्स स्वतःच गाडी ढकलवून घेत मैदानावर आली. नाक वर, झाकण उघडं, आणि आत दुकानातून आणलेलं कूलंट. मंत्राऐवजी तिनं लहान मुलांच्या लसींचं वेळापत्रक खड्या आवाजात म्हटलं. गोवराच्या लसीपाशी पोचली तेव्हा बुडबुडे आले. लोक खो खो हसले, पण गरम वाऱ्यापुढे हात धरल्यावर तिचं ऐकायला जवळ सरकले.

"मंत्रात बाबांनी सगळं खरंच सांगितलंय," ती म्हणाली. "नळीतली हवा तोंडातून बाहेर. नाक वर केलं की हवा झाकणापाशी चढते. आणि गाडी उपाशी कशाला? तापलेल्या रेडिएटरचं झाकण काढलं, तर वाफेनं बाबांचंच थोबाड भाजेल! गळती तशीच राहते, म्हणून हीटर पुन्हा गार पडतो. आणि ती दिसू नये म्हणून ही लाख. त्यांची नखं बघा. तपश्चर्येनं नखांत ग्रीस जात नाही."

"ही सगळी माझ्याच तीर्थाची पुण्याई!" बाबा किंचाळले.

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. त्यांच्या पिशवीतून उभी तडकलेली बाटली निघाली, आत बर्फाचा गोळा. "ही तुम्हीच भरून दिली होती. एका रात्रीत फुटली. हेच साधं पाणी तुम्ही इंजिनात ओतत होता?"

बेकरीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या व्हॅनचं इंजिन असंच थंडीत तडकलं होतं आणि बाबांनी ते त्याच्या पापाच्या खात्यावर टाकलं होतं. "माझं पाप काय रे?" त्यानं बाबांची कॉलर धरली. "तुझ्यावर विश्वास ठेवला, हेच ना?"

त्याच महिन्यात नणंद बाळाला घेऊन डोंगरावरून खाली उतरली. बाळ वाटभर ढाराढूर झोपलं होतं. सासूबाई शेजारी बसून हीटरपुढे हात धरून होत्या, आणि गाडीतून उतरताना त्यांनी सुनेला एवढंच विचारलं, "ते कूलंट पुन्हा कधी बघायचं गं?"

हाच प्रश्न आपण सगळ्यांनी विचारायला शिकलं पाहिजे. गाडी बिघडली तर बोनेट उघडा. आणि कुणी उघडू नका म्हणून बजावलं, तर आधी तेच उघडा.