आतून मोजलेली प्रयोगशाळा

हेमलता वळवी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आली तेव्हा सरकारी महाविद्यालयातली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आतून आठ पावलांची उरली होती. बाहेरून ती होती तेवढीच होती. चार खिडक्या, पत्र्याचं छप्पर, दारावर रंग उडालेली पाटी. पण आत पाऊल टाकलं की समोरची भिंत अंगावर यायची.

पहिल्या वर्षी तिथे चोवीस जण प्रयोग करत. दिवाळीच्या सुट्टीनंतर दार उघडलं तर मागचं टेबल भिंतीत गेलेलं होतं. त्या टेबलावरचे सहा जण आठवडाभर दारात उभे राहिले, मग यायचे थांबले. कुणी गुजरातेत ऊसतोडीला गेलं, कुणी घरी. त्यांना कुणी काढून टाकलं नव्हतं. उभं राहायलाच जागा नव्हती. दुसऱ्या वर्षी गॅसची नळी गेली, वजनकाटा गेला, आणखी सोळा जण गेले. आता दोघीच उरल्या होत्या, हेमलता आणि वसतिगृहात तिच्याच खोलीत राहणारी इंदू पाडवी.

शिकवायला चित्ते मॅडम होत्या. अकरा वर्षं त्या तासिकांवरच होत्या. कायमची जागा यंदा भरणार, असं त्यांना दर जूनमध्ये सांगितलं जाई. त्या नेहमी मागच्या भिंतीला पाठ लावून शिकवत. दमल्या असतील म्हणून टेकतात, असं हेमलताला वाटायचं. एकदा खडू उचलायला त्या वाकल्या आणि भिंत वीतभर पुढे सरकली. तेव्हा तिला कळलं, की मॅडम टेकत नव्हत्या, भिंत अडवून धरत होत्या.

प्रभारी प्राचार्य बोरसे सरांनी वरती पत्रं लिहिली. जानेवारीत एक अधिकारी आले. त्यांनी टेप लावून प्रयोगशाळा बाहेरून मोजली आणि कागदावर लिहिलं, मापात फरक नाही. हेमलतानं धीर करून त्यांना आतून मोजायला सांगितलं.

"आतून मोजायचा नमुना नाही," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

पुढच्या महिन्यात पत्र आलं, की विद्यार्थी कमी असल्यानं हा विषय येत्या वर्षापासून बंद. म्हणजे मार्चची प्रात्यक्षिक परीक्षा ही शेवटचीच. तिच्यात जी नापास होईल तिला पदवी नाही, कारण पुन्हा परीक्षा द्यायला प्रयोगशाळाच नसणार. त्या दिवशी दोघी जेवल्या नाहीत. इंदूनं फक्त विचारलं, की मार्चपर्यंत किती पावलं उरतील. हेमलतानं खोटं सांगितलं, पाच.

परीक्षेच्या दिवशी दोनच उरली होती. एक स्टँड, एक बुरेट, बेसिनचा अर्धा भाग आणि दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढी जागा. विद्यापीठाकडून कुलथे नावाचे परीक्षक आले होते, शांत आणि नीटनेटके. त्यांनी बाहेर व्हरांड्यात टेबल मांडून घेतलं. चित्ते मॅडमनी विनंती केली, की मुलींना एकीमागून एक बसवा. कुलथे सरांनी वेळापत्रक दाखवलं. एक तुकडी, एकच वेळ, अकरा ते तीन. मग मॅडम म्हणाल्या, की निदान मला आत भिंतीशी उभं राहू द्या. आत फक्त परीक्षार्थी, असं उत्तर मिळालं.

दोघी आत गेल्या. हेमलता बुरेटची तोटी फिरवायची, इंदू फ्लास्क हलवायची. दोघींचे श्वास एकमेकींच्या कानांवर पडत होते. पहिलं वाचन मिळालं. दुसऱ्याच्या वेळी भिंत इंदूच्या पाठीला लागली. तिनं पाय रोवून रेटा दिला, पण तिच्या चपला फरशीवरून पुढे घसरत आल्या. स्टँड कलला. तो पडला असता तर बुरेट फुटली असती, आणि दुसरी नव्हती.

"तू कर," इंदू म्हणाली.

हेमलतानं मान हलवून नाही म्हटलं. तिला इंदूचा हात धरायचा होता, पण एका हातात तोटी होती आणि दुसऱ्यात इंदूनं दिलेला फ्लास्क. इंदू अंग तिरकं करून दारातून बाहेर पडली. बाहेर कुलथे सरांनी घड्याळ पाहिलं आणि तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. चित्ते मॅडम काहीतरी हळू आवाजात बोलत राहिल्या. त्यावर सर एवढंच म्हणाले, की ती बाहेर उभी आहे हे मलाही दिसतंय.

हेमलता एकटी राहिली. तिचं कोपर आता पुरतं वाकत नव्हतं. इंदूनं सोडून दिलेलं वर्ष आपल्या हातात आहे आणि तेसुद्धा सांडता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं तोटी अगदी किंचित फिरवली. थेंब पडला, रंग उमटला, विरला. आणखी एक. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. दुसरं वाचन मिळालं. तिसरं त्याच्याशी तंतोतंत जुळलं. तिनं भिंतीवरच वही टेकवून आकडे मांडले आणि दाराकडे पाहिलं. तिथे दार नव्हतं, चार बोटांची फट होती.

तिनं उत्तरपत्रिका फटीतून सरकवली. बाहेर पानं उलटल्याचा आवाज आला.

"उत्तम आहे," कुलथे सर म्हणाले. "पास आहेस. इथे सही कर."

तिनं हात बाहेर काढला. कुणीतरी बोटांत पेन दिलं. कागद न पाहता तिनं सही केली. मग तिनं विचारलं, की सर, मी बाहेर कशी येऊ.

सर फाइलची दोरी बांधत होते. "पदवी हातात देतात," ते म्हणाले. "हात बाहेर ठेव."

त्यांच्या बुटांचा आवाज व्हरांड्यातून लांब गेला. इंदू फटीशी बसली आणि दोन्ही तळव्यांनी भिंतीची कड धरून ओढू लागली. चित्ते मॅडम तिच्या शेजारी बसल्या. आत हेमलतानं मान वळवून गाल भिंतीच्या दगडाला लावला, आणि बाहेर राहिलेल्या हाताचा पंजा सावकाश उघडून तळवा वर केला.